खंडाने दिलेले घर



तीन वर्षांपूर्वी द्राक्षमळ्याच्या कुळांचा हाच दाखला (मत्तय २१:३३-४३) रविवारच्या मिस्सामध्ये वाचला गेला होता. मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर एका गृहस्थांनी आम्हाला गाठले आणि ते म्हणाले, "फादर, आजचं वाचन आमच्या भाडेकरूनं ऐकायला हवं होतं. अगदी त्याच्यासाठीच लिहिलंय." आम्ही हसलो, तेही हसले. पण मिशन हाउसकडे चालता चालता आमच्या लक्षात आले की, त्या दिवशीचे आमचे प्रवचन वाया गेले होते. हा दाखला ऐकून माणूस स्वतःला मळ्याचा धनी समजून घरी जात असेल, तर त्यात ऐकणाऱ्याचा दोष कमी आणि सांगणाऱ्याचा अधिक. यंदा तेच वाचन पुन्हा आले आहे, म्हणून ती चूक सुधारण्याचा हा प्रयत्न.

दाखल्यातला एक बारकावा पाहा. धन्याने मळा लावला, भोवती कुंपण घातले, द्राक्षकुंड खणले, बुरूज बांधला आणि मग मळा माळ्यांना खंडाने देऊन तो दूर निघून गेला. आजच्या भाषेत बोलायचे तर प्रकल्प उत्तम झाला होता. आराखड्यात खोट नव्हती, बांधकामात कसूर नव्हती. बिघडले ते पुढे, वापरणाऱ्यांच्या हाती गेल्यावर. आणि हे वापरणारे कोण? लेवीय २५:२३ मध्ये परमेश्वर इस्राएल लोकांना स्पष्ट बजावतो की जमीन कायमची विकायची नाही, कारण ती त्याची आहे. लोक तिच्यावर उपरे व पाहुणे म्हणून राहत आहेत. सात-बारावर नाव कुणाचेही असो, या वचनाप्रमाणे आपण सगळेच खंडकरी. वसईत हे मोठ्याने सांगायला थोडे धैर्य लागते, कारण इथे बऱ्याच जणांच्या वाडीच्या जागी आता चार मजले उभे आहेत आणि त्यातले दोन भाड्याने दिलेले आहेत.

अलीकडे 'पर्यावरणस्नेही इमारत' हा शब्द आपल्याकडच्या बांधकामांच्या फलकांवरही झळकू लागला आहे. छपरावर सौरपट्ट्या, गच्चीवरचे पाणी विहिरीत, कचऱ्याचे आवारातच खत. आम्ही या गोष्टींचे मनापासून स्वागत करतो. खुद्द व्हॅटिकनमध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या काळात, २००८ साली, पॉल सहावे सभागृहाच्या छपरावर दोन हजार चारशे सौरपट्ट्या बसवण्यात आल्या. पण सौरपट्टीवर धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा साचली की ती वीज कमी देते, मग ती रोमची असो की रमेदीची. ती कोणीतरी पुसावी लागते. हा 'कोणीतरी' कोण, हे मात्र आराखड्यात कुठेच काढलेले नसते.

इतरांचे कशाला, आमचेच सांगतो. आपल्या धर्मग्रामाच्या हॉलवर आपण पावसाचे पाणी साठवण्याची योजना केली, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. हिशेब सोपा होता. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. हॉलची गच्ची दोनशे चौरस मीटरची. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटर पाऊस धरला तरी चार लाख लिटर पाणी होते. त्यातले पाचवा हिस्सा वाया गेले असे मानले तरी सव्वातीन लाखांच्या आसपास उरते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर बत्तीस टँकर. आपण पाईप टाकले, रेती-खडीची गाळणी बांधली, विहिरीत पाणी सोडले. उद्घाटनाला देणगीदार आले, अभियंता आले, संगमरवरी पाटी लागली. हॉलची झाडलोट करणाऱ्या मावशी त्या दिवशी खुर्च्या पुसत होत्या. त्यांना बोलवावे असे आमच्या मनातही आले नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला. याच पाण्याने बालवाडीची मुले हात-तोंड धुतात. आम्ही कंत्राटदाराला फोन केला, तो प्लंबरवर घसरला, प्लंबर कबुतरांवर. शेवटी मावशींना विचारले. त्या म्हणाल्या, "कबुतरांची घाण होते म्हणून मी गच्ची फिनेल टाकून धुते, फादर. पाणी त्या पायपातनं खाली जातं. डाग निघाले नाहीत तर अॅसिड. त्या झाकणाखाली काय आहे, ते मला कुणी सांगितलं नाही." गाळणी उघडली तर पिंपळाच्या पानांचा आणि पिसांचा वीतभर थर. तीन वर्षे ती कोणी उघडलीच नव्हती. आणि तीन वर्षे एक प्रामाणिक बाई आपले काम चोख करून आपल्याच विहिरीत फिनेल सोडत होती, कारण आम्ही लाखभर रुपये पाईपवर खर्च केले आणि पाच मिनिटे तिच्याशी बोलण्यात खर्च केली नाहीत.

विहीर उपसली, पाण्याची तपासणी करून घेतली, दोन महिने ती बंद ठेवली. आता गच्ची पावसाळ्याआधी नुसत्या पाण्याने व खराट्याने धुतली जाते आणि त्या वेळी विहिरीकडचा पाईप बंद असतो. पहिल्या एक-दोन सरींचे पाणीही बाहेर सोडले जाते. गाळणी मे महिन्यात एकदा आणि पावसात दर पंधरवड्याला उघडतात. यातल्या बहुतेक सूचना मावशींच्याच आहेत. अभियंत्यांना त्या सांगितल्या तेव्हा त्यांनी लिहून घेतल्या.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना मार्टिन हायडेगर या जर्मन विचारवंताचे १९५१ साली डार्मश्टाट येथे दिलेले एक व्याख्यान आम्हाला अभ्यासाला होते. 'बांधणे' यासाठी असलेल्या जर्मन शब्दाच्या मुळाशी 'राहणे' हा अर्थ आहे आणि त्याच शब्दात जपणे, राखणे, द्राक्षाची वेल वाढवणे हेही येते, असे ते सांगतात. तेव्हा आम्हाला हा शब्दांचा खेळ वाटला होता. विहीर उपसताना तो खेळ वाटला नाही. इमारत एकदा बांधून संपत नाही. ती रोज सकाळी खराट्याने, फडक्याने, बादलीने पुन्हा थोडी बांधली जाते, आणि हे रोजचे बांधकाम करणाऱ्याचे नाव पाटीवर नसते.

दाखल्याच्या वाचनाच्या सुमारासच, ४ ऑक्टोबरला, आपण असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण पाळतो. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना पर्यावरणाचे कार्य करणाऱ्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले, त्यामुळे हल्ली त्यांचे चित्र बहुधा पक्ष्यांबरोबर आणि लांडग्याबरोबर येते. त्यांच्या चरित्रातल्या दोन साध्या गोष्टी मात्र चित्रकारांनी सोडून दिल्या. खेड्यापाड्यांत प्रवचनाला जाताना ते सोबत झाडू नेत आणि अस्वच्छ दिसलेली देवळे स्वतः झाडून काढत. मग तिथल्या धर्मगुरूंना बाजूला घेऊन, लोकांदेखत नव्हे, देवाचे घर स्वच्छ ठेवण्याविषयी सांगत. (आम्हा धर्मगुरूंसाठी ही गोष्ट जरा अवघडच आहे.) दुसरी गोष्ट भाड्याची. ज्या पोर्झिउंकुला नावाच्या इवल्याशा प्रार्थनामंदिराभोवती त्यांचा संघ वाढला, ते सुबासिओ डोंगरावरच्या बेनेडिक्टाईन मठवासीयांच्या मालकीचे होते. ती जागा त्यांनी फ्रान्सिसना वापरायला दिली. तरी फ्रान्सिस दरवर्षी तिचा खंड म्हणून मठाला टोपलीभर लहान मासे पाठवीत, म्हणजे आपली मालकी आहे असे कुणा बंधूला चुकूनही वाटू नये. मठवासी उलट तेलाचे भांडे भरून पाठवीत. १२२६ साली फ्रान्सिसनी त्याच जागी प्राण सोडला. म्हणजे हा संत आयुष्यभर झाडूवाला होता आणि मरेपर्यंत भाडेकरू होता. सृष्टीला भाऊबहीण म्हणणे त्यांना जमले, त्याचे मूळ आम्हाला या दोन गोष्टींत दिसते.

आता आपल्या भाडेकरूंकडे येऊ. बायबलमध्ये भाडेकरू म्हणजे केवळ मळ्यातले दुष्ट लोक नव्हेत. संत पौल रोममध्ये पूर्ण दोन वर्षे भाड्याच्या घरात राहिला आणि तिथूनच शुभवर्तमानाची घोषणा करीत राहिला (प्रेषितांची कृत्ये २८:३०). त्याच्या घरमालकाविषयी शास्त्र काही सांगत नाही. बहुधा तो सज्जन असावा, कारण तिथे येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ कमी नव्हती!

आपल्याकडे करार अकरा महिन्यांचा. मालक म्हणतो, विजेचे बिल भाडेकरू भरतो, मग नवे पंखे कशाला? जुना पंखा पंचाहत्तर वॅट खातो, नवा कमी विजेचा साधारण तीस. दिवसाला पंधरा तास पंखा फिरला तर एका पंख्यामागे वर्षाला दोनशेहून अधिक युनिटे वाचतील. भाडेकरू म्हणतो, मला वर्षाच्या आत जायचे आहे, दुसऱ्याच्या घराला पंखे मी का लावू? दोघांचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर, आणि जुना पंखा मात्र फिरत राहतो. गळक्या नळाचे तेच, भिंतीच्या ओलीचे तेच. मालकाने पंखा लावावा आणि भाडेकरूने बिलात वाचलेल्या पैशातून दरमहा थोडी भर द्यावी, असे आपल्या धर्मग्रामातल्या एका कुटुंबाने ठरवले आहे. ते दोघे चहा घेत बोलले, एवढेच.

सोसायटीच्या कारभारात तर भाडेकरू जवळपास अदृश्य असतो. सभेत त्याला मत नाही. मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घ्यायचे (ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असा १ ऑगस्ट २००१ चा शासननिर्णय आहे) तेव्हा सोसायटीला त्याची आठवण होते. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा, ही सूचना व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकली जाते. त्या गटात मालक आहेत, त्यातले एक कुवेतला आणि एक कॅनडात. कचरा ज्याच्या हाताने पडतो तो गटात नाही. जिन्याखालचा कागद मराठीत आहे आणि दुसऱ्या मजल्यावरचे नवे बिऱ्हाड केरळचे. मग सभेत ठराव होतो की भाडेकरू घाण करतात.

दाखल्यातला धनी खंड मागायला आपले दास पाठवतो आणि माळी त्यांना मारहाण करतात. आपण कुणाला दगड मारत नाही. आपल्या दारावर रोज सकाळी कचरा न्यायला माणूस येतो. आपण दार अर्धे उघडतो, पिशवी बाहेर ठेवतो आणि दार लावतो. पिशवीत फुटलेला काचेचा ग्लास उघडाच असतो. तो कागदात गुंडाळून वर 'काच' असे लिहिणे, याला अर्धा मिनिट लागतो. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र झाली की क्लोरीनचा विषारी वायू तयार होतो, हे सफाईच्या बाईला बंद संडासात पाठवण्याआधी किती घरांतून सांगितले जाते? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात पाणी जपून वापरणे, कचरा वेगळा करणे, नको ते दिवे मालवणे या बारीकसारीक कृती प्रेमाच्या कृती म्हणून मांडल्या आहेत (परिच्छेद २११). आम्ही त्यांच्या यादीत काचेच्या तुकड्याची भर घालतो.

आता एक गोष्ट, जी सांगावी की नाही याचा आम्ही बरेच दिवस विचार केला.

मागच्या एका उन्हाळ्यात जवळपासच्या एका सोसायटीची सेप्टिक टाकी तुंबली. सक्शनच्या गाडीपेक्षा स्वस्त पडते म्हणून दोन तरुणांना बोलावले गेले. दोरी आणि बादली, बाकी काही नाही. तळमजल्यावर राहणारा एक भाडेकरू, आपल्याच धर्मग्रामातला, खाली आला आणि टाकीच्या झाकणावर उभा राहिला. त्याने सांगितले की टाकीत साचलेला वायू माणसाला काही क्षणांत बेशुद्ध करतो, वायू जास्त असला तर नाकाला वासही कळेनासा होतो, आणि पहिल्याला काढायला उतरलेला दुसराही बहुधा वर येत नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय कोणालाही अशा टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई सांगितली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली, हेही त्याने सांगितले. त्याला उत्तर मिळाले, "तुम्ही भाडेकरू आहात, तुम्ही मध्ये पडू नका." तो झाकणावरून हलला नाही. दुसऱ्या दिवशी गाडी आली. ते दोन तरुण अंगणातल्या नळावर पाय धुऊन, दिवसाची मजुरी न घेता, निघून गेले. ती त्यांना मिळायला हवी होती, पण कुणाच्याच लक्षात आले नाही, त्या भाडेकरूच्याही नाही. हे त्यानेच आम्हाला नंतर सांगितले.

अकरा महिने संपले तेव्हा त्याचा करार वाढवला गेला नाही. कारण कुणी दिले नाही. घराचा मालक आपल्याच चर्चमध्ये, उजव्या बाजूला बसतो. आम्ही त्याच्याशी दोनदा बोललो. तो वाईट माणूस नाही. सोसायटीत आपल्याला बोलणी खावी लागली, असे तो म्हणतो, आणि ते खरे आहे. ते कुटुंब आता विरारला राहते. त्या मुलांचा पहिल्या कम्युनियनचा वर्ग अर्ध्यात सुटला.

लेवीय ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात एक विधी आहे, जो मिस्सामध्ये कधी वाचला जात नाही. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टा दिसला तर घरमालकाने स्वतः याजकाकडे जाऊन सांगायचे. याजकाने आधी घरातले सामान बाहेर काढायला लावायचे, म्हणजे तपासणीत कुटुंबाची चीजवस्तू अशुद्ध ठरू नये. मग आत जाऊन पाहायचे, सात दिवस घर बंद ठेवायचे, चट्टा पसरला असेल तर ते दगड काढायचे, भिंती खरवडायच्या, नवा गिलावा करायचा. वसईच्या पावसाळ्यात भिंती पाहिलेल्या माणसाला हे सगळे ओळखीचे वाटेल. आम्हाला त्यातले दोन शब्द खटकतात: 'मालकाने सांगायचे' आणि 'याजकाने आत जायचे'. आम्ही दरवर्षी घरांना आशीर्वाद द्यायला येतो, पवित्र जल शिंपडतो, पुढच्या खोलीत सरबत घेतो. मागची मोरी, जिन्याखालची कचऱ्याची पेटी, टाकीचे झाकण आम्ही पाहिलेले नाही. यंदा पाहू. आपण रागावू नये.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली, तेव्हा प्रश्न होता की इथे किती इमारती व्हाव्यात आणि इथल्या विहिरींचे पाणी टँकरने किती जावे. त्या इमारती आता झालेल्या आहेत; लाखो माणसे त्यांत राहतात आणि त्यातली पुष्कळ भाड्याने राहतात. बावखले वाचवायची तर त्या माणसांना सोबत घेतल्याशिवाय ती वाचणार नाहीत, असे आम्हाला वाटते. जुन्या कार्यकर्त्यांपैकी काहींना हे पटत नाही, त्यांच्याशी चर्चा चालू आहे.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये सभा आहे. ज्यांची घरे भाड्याने दिलेली आहेत त्यांनी आपल्या भाडेकरूला बरोबर आणावे, तो कोणत्याही धर्माचा असो. ज्यांच्या इमारतीत सफाईला माणसे येतात त्यांनी त्यांनाही बोलवावे. त्या दिवसाची मजुरी कापू नये. सक्शनच्या गाडीचा दर, सोसायटीच्या गटात भाडेकरूंचा समावेश, आणि विरारच्या त्या कुटुंबासाठी वसईत परवडेल असे घर, हे तीन विषय आहेत. तिसऱ्यासाठी सभेची वाट न पाहता कुणी आधीच मिशन हाउसवर आले तर बरे.

विहिरीजवळच्या पाटीवर मावशींचे नाव घालावे, असा विचार आम्ही त्यांच्यापुढे मांडला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नाव नको, फादर. त्या गाळणीच्या झाकणाला कडी लावून द्या. उचलताना बोटं चेमटतात." कडी गुरुवारी लावली.